कॅमेऱ्याच्या आठ वर्षं आधी सुरू झालेली भूमिका: डॉ. हाइंग न्गोर

प्रश्न एकांकिका करणाऱ्या एका मुलाचा आहे, तो आधी थोडक्यात मांडतो. त्याच्या ग्रुपनं मिळून 'द किलिंग फील्ड्स' हा कंबोडियातल्या नरसंहारावरचा सिनेमा पाहिला. त्यात दिथ प्रान या कंबोडियन पत्रकाराचं काम केलंय हाइंग न्गोर यांनी. मुळात डॉक्टर, अभिनयाचा अनुभव शून्य, आणि स्वतः त्याच नरसंहारातून वाचलेले. या भूमिकेला त्यांना ऑस्कर मिळालं. त्यावरून ग्रुपमध्ये वाद पेटला, की ज्यानं हे सगळं सोसलंय त्याला अभिनय करायची गरजच काय? नुसता उभा राहिला तरी पुरे. आणि मग त्याचा खरा प्रश्न: "आमच्या एकांकिकेत मी दंगलीतून वाचलेल्या माणसाचं काम करतोय. दिग्दर्शक म्हणतो, तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आठव आणि रोज तालमीत ते वर काढ. करू का?"

मी बरीच वर्षं तालमी घेतोय. मुरलेल्या नटांच्या घेतल्या, तशा ज्यांनी स्टेजवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं अशांच्याही घेतल्या. त्या जोरावर सांगतो, न्गोर यांनी केला तो अभिनयच. फक्त तो कॅमेरा समोर यायच्या आठ वर्षं आधी सुरू झाला होता. म्हणून आधी त्यांचं आयुष्य नीट समजून घे, मग तुझ्या तालमीकडे येऊ.

त्यांचा जन्म १९४० चा, दक्षिण कंबोडियातल्या ताकेओ प्रांतातला. वडील चिनी वंशाचे, आई ख्मेर, म्हणजे तिथल्या बहुसंख्य समाजातली. राजधानी नॉम पेन्हमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलं, शस्त्रक्रिया आणि स्त्रीरोग-प्रसूती हे त्यांचं क्षेत्र. सैन्याच्या वैद्यकीय विभागातही ते अधिकारी होते. शहरात प्रॅक्टिस चांगली चालत होती आणि आयुष्यात हुओय होती, पेशानं शिक्षिका. स्वभावानं माणूस तापट, हट्टी, थोडा गुर्मीतलाच. हे मी म्हणत नाही, आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच लपवलेलं नाही. मला तो भाग फार मोलाचा वाटतो, कारण वाचलेल्या माणसाला संत करून टाकायची आपल्याला घाई असते.

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजच्या, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या. न्गोर त्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये होते, टेबलावर पेशंट होता. बंदूक घेतलेला एक पोरगेला सैनिक आत आला आणि विचारलं, डॉक्टर तूच का? न्गोर म्हणाले, डॉक्टर आत्ताच मागच्या दारानं गेले. सैनिक गेला. आणि मग पेशंटला तसंच टेबलावर सोडून न्गोर बाहेर पडले.

हा प्रसंग जरा थांबून बघ. स्क्रिप्ट नाही, तालीम नाही, तयारीला एक क्षण नाही. समोरच्याच्या डोक्यात 'डॉक्टर' म्हणजे जे चित्र आहे ते ओळखायचं, आणि आपण ते नाही आहोत असं त्याला पटवायचं. अंगावर कपडे ऑपरेशनचे असताना! वाक्यही कसं टाकलंय पाहा. "मी डॉक्टर नाही" असं म्हटलं असतं तर सैनिकानं नीट निरखून पाहिलं असतं. "आत्ताच गेले" म्हटल्यावर सैनिकाचं लक्ष दाराकडे गेलं. आपल्यावरचा फोकस दुसरीकडे वळवायचा, हे नटाला शिकवताना माझी दमछाक होते. पण या कसबाची किंमत टेबलावरच्या पेशंटनं मोजली, आणि हे ओझं त्यांनी पुढे आयुष्यभर वाहिलं. म्हणून 'काय ग्रेट इम्प्रोव्हायझेशन' असं म्हणून मी टाळी वाजवणार नाही.

त्या दिवसापासून नॉम पेन्ह रिकामं करायला सुरुवात झाली. युद्धामुळे खेड्यांतून आलेले निर्वासित धरून शहरात तेव्हा वीसेक लाख माणसं होती. सगळ्यांना रस्त्यावर काढलं, दवाखान्यातल्या पेशंटनाही खाटांसकट. पैसा रद्द, बाजार बंद, शाळा बंद, देवळं बंद. शहरातून हाकललेले ते 'नवे लोक', खेड्यातले ते 'जुने लोक'. नव्या लोकांना सरळ ऐकवलं जायचं, की तुला ठेवून फायदा नाही आणि मारून तोटा नाही. सत्तेचं नाव 'अंग्कार', म्हणजे संघटना. तिला चेहरा नव्हता. शिकलेले, अधिकारी, जुन्या सैन्यातले, असे कोणी सापडले की त्यांना 'शिकायला नेतो' म्हणून न्यायचे. नेलेली माणसं परत येत नसत.

न्गोर यांनी सांगितलं, मी टॅक्सी ड्रायव्हर. आणि ती भूमिका सुरू झाली.

आपल्याकडे रंगभूमीवर 'बेअरिंग' म्हणतात. पात्राची चाल, आवाज, बसणं, खाणं, सगळं एकदा पकडलं की शेवटच्या पडद्यापर्यंत सुटता कामा नये. दोन अंकी नाटकात भल्याभल्यांचं मध्यंतरानंतर बेअरिंग सुटतं. न्गोर यांना ते तीन वर्षं, आठ महिने आणि वीस दिवस सांभाळायचं होतं. कंबोडियातले लोक त्या राजवटीची लांबी अशीच मोजून सांगतात. चष्मा घालायचा नाही, कारण चष्मा म्हणजे शिकलेला. बोलण्यात फ्रेंच शब्द येऊ द्यायचा नाही. आता यातली बारीक गोष्ट बघ. चष्मा खिशात टाकणं सोपं, पण चष्म्याची सवय असलेला माणूस लांबचं बघताना डोळे बारीक करतो, ते कसं थांबवणार? लिहिलेला कागद समोर आला की साक्षर माणसाची नजर आपसूक ओळीवर जाते. शेजारी कोणी तापानं फणफणला की डॉक्टरचा हात नाडीकडे जातो. हे सगळं दाबायचं, तेही अर्धपोटी, दिवसभर बांध घालून आणि माती वाहून झाल्यावर.

त्यांना तीनदा पकडून तुरुंगात टाकलं. तू डॉक्टर होतास, कबूल कर, असा धोशा लावून छळ केला. एका हाताच्या करंगळीचा तुकडा तोडला, घोट्यावर घाव घातला. ते टॅक्सी ड्रायव्हरच राहिले. जगले कशावर, तर वाळवी, भुंगे, विंचू, जे मिळेल त्यावर. कशात काय पोषण आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे डॉक्टर आत जागाच होता, बाहेर फक्त दिसू द्यायचा नव्हता. अभिनय शिकवणाऱ्यांनी हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवावं असं मला वाटतं.

आणि मग १९७८. हुओय गरोदर होती, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सिझेरियनशिवाय सुटका होणार नव्हती. नवरा प्रसूतितज्ज्ञ. पण हत्यारं नाहीत, औषधं नाहीत, आणि हात लावला असता तर तो डॉक्टर आहे हे उघड होऊन दोघांचाही जीव गेला असता. हुओय गेली, मूलही गेलं. यावर मी अधिक काही लिहिणार नाही. तुझ्या ग्रुपमध्ये कोणी याचा 'सीन' करायचं म्हणत असेल, तर नको.

डिसेंबर १९७८ च्या शेवटी व्हिएतनामी फौजा कंबोडियात शिरल्या आणि ७ जानेवारी १९७९ ला नॉम पेन्ह पडलं. तोवर सतरा ते वीस लाख माणसं मेली होती, उपासमारीनं, रोगानं, कष्टानं आणि सरळसरळ कत्तलीत. देशाची लोकसंख्या ऐंशी लाखांच्याही आत होती, यावरून काय ते समज. न्गोर एका पुतणीला घेऊन थायलंडमध्ये पोचले, निर्वासितांच्या छावण्यांमध्ये पुन्हा डॉक्टर म्हणून काम केलं, आणि १९८० मध्ये अमेरिकेला गेले.

तिथे त्यांची डिग्री चालत नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड म्हणून राहिले, मग चायनाटाउनमधल्या एका सेवाकेंद्रात निर्वासितांना नोकऱ्या मिळवून द्यायचं काम केलं. मराठी माणसाला डॉक्टर-नटांचं अप्रूप नाही. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर, काशिनाथ घाणेकर दातांचे, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. पण लागूंनी १९६९ मध्ये चालती प्रॅक्टिस स्वतःहून सोडली, नाटकाच्या ओढीनं. न्गोर यांची हिसकावून घेतली गेली होती, एकदा बंदुकीनं आणि एकदा कायद्याच्या कागदांनी. नट व्हायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

१९८२ मध्ये कंबोडियन समाजातल्या एका लग्नात पॅट गोल्डन या कास्टिंग करणाऱ्या बाईंनी त्यांना हेरलं. त्यांना फारसा रस नव्हता. बऱ्याच भेटी, बरीच मनधरणी झाल्यावर होकार दिला. कारण एकच, आपल्या देशावर काय गुदरलं ते जगाला सांगेन, हा हुओयला दिलेला शब्द. सिनेमाची गोष्ट 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार सिडनी शॅनबर्ग आणि त्यांचे कंबोडियन सहकारी दिथ प्रान यांची. शॅनबर्ग यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या मोठ्या लेखावर ती बेतली. निर्माते डेव्हिड पटनम, दिग्दर्शक रोलंड जोफे, चित्रीकरण थायलंडमध्ये. कंबोडियात जाऊन शूटिंग करणं तेव्हा शक्यच नव्हतं.

आता तुमच्या वादाकडे येतो. 'स्वतःचंच आयुष्य जगले' असं म्हणताना तुम्ही एक गोष्ट विसरता, की ते आयुष्य त्यांचं नव्हतंच. प्रानही टॅक्सी ड्रायव्हर असल्याचं सोंग घेऊन वाचले हे खरं, दोघांत तेवढं साम्य आहे. पण प्रान यांची बायको आणि मुलं शहर पडण्याआधीच बाहेर निघाली होती, अमेरिकेत सुखरूप होती. सिनेमा संपतो तो दोन मित्रांच्या भेटीवर. न्गोर यांच्या वाट्याला अशी भेट नव्हती. ज्याचं कुटुंब वाट बघतंय अशा माणसाची आशा त्यांना उभी करायची होती, आणि त्यांच्यापाशी स्वतःची म्हणून ती शिल्लक नव्हती. याला अभिनय नाही तर काय म्हणायचं?

एक प्रसंग पुन्हा लावून बघ. ख्मेर रूजचे सैनिक परदेशी पत्रकारांना पकडतात, प्रानला जायची मोकळीक असते, तरी तो त्यांच्यासाठी रदबदली करतो. बराचसा संवाद ख्मेरमध्ये आहे, आपल्याला शब्द कळत नाहीत, आणि ते बरंच आहे. न्गोर यांचे हात बघ. नमस्कारासारखे जोडलेले, सतत हलणारे. चेहऱ्यावर हसू आहे, पण ते समोरच्याचा मूड बघून कमीजास्त होतंय. आवाज चढत नाही. कच्चा नट इथे भीती दाखवेल, डोळे विस्फारेल, ओठ थरथरवेल. ज्यानं असल्या पोरांसमोर खरोखर उभं राहून जीव वाचवलाय, त्याला ठाऊक आहे की भीती दिसली की संपलं. भीती प्रेक्षकाला जाणवते, कारण ती दाबलेली दिसते.

दुसरं, छावणीतला भाग. तिथे संवाद जवळजवळ नाहीत. चिखलात काम, रांगेत उभं राहणं, गुराच्या मानेला चिरून रक्त पिणं. तो प्रसंग गाजला, पण माझ्या मते त्यांचं उत्तम काम त्याच्या आजूबाजूला आहे. कोणी बघत नसतानाही चेहरा कोरा. राग, भूक, शोक, सगळं आत. इथे शॅनबर्गचं काम करणाऱ्या सॅम वॉटरस्टनशी तुलना करू नकोस. त्याच्या पात्राला चिडायची, ओरडायची मुभा आहे. प्रानला नाही.

न्गोर यांनी आत्मचरित्रात या अर्थाचं लिहिलंय, की माझं सगळ्यात चांगलं काम मी कंबोडिया सोडण्याआधीच केलं होतं, आणि तिथलं बक्षीस कितीतरी मोठं होतं. यात बढाई नाही. अभिनयाच्या कारागिरीबद्दलचं ते नेमकं विधान आहे.

२५ मार्च १९८५ ला त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. या विभागात जिंकणारे ते पहिले आशियाई. दुसरे की हुय क्वान, तेही व्हिएतनाममधून आलेले निर्वासित, आणि तोवर २०२३ साल उजाडलं होतं. ब्रिटनमधल्या बाफ्टाचं तर मुख्य अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. मला तो विभाग जास्त बरोबर वाटतो, 'सहाय्यक' हा शब्द तिथे खटकतोच. त्याआधी एकाच बिनव्यावसायिक नटाला अभिनयाचं ऑस्कर मिळालं होतं. हॅरॉल्ड रसेल, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन्ही हात गमावलेला अमेरिकन सैनिक. दोघांनाही आपल्या जखमेच्या जवळची भूमिका मिळाली, आणि दोघांच्याही बाबतीत लोक म्हणाले, हा काय अभिनय! असं म्हणणाऱ्यांनी कधी खऱ्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं करून बघावं. खरा शेतकरी 'ॲक्शन' म्हटल्याबरोबर सिनेमातला शेतकरी होतो, खरा हवालदार छाती काढून चालायला लागतो. अनुभव असणं वेगळं आणि तो मार्कवर उभं राहून, लाइट सांभाळून, सातव्या टेकलाही तितकाच ताजा देणं वेगळं.

पुढे काम मिळत राहिलं, पण हॉलिवूडला त्यांच्यात आशियाई युद्धाचा चेहराच दिसला. व्हिएतनामी अधिकारी, खेडूत बाप, जडीबुटीवाला वैद्य, टीव्ही मालिकांतले पाहुणे. त्यातल्या त्यात ऑलिव्हर स्टोनच्या 'हेवन अँड अर्थ'मधला बाप बघण्यासारखा आहे. मुख्य भूमिका म्हणाव्या अशा मात्र वाट्याला आल्या नाहीत. त्यांनाही त्याची फार पडलेली नव्हती. ऑस्करचा उपयोग त्यांनी एखाद्या ओळखपत्रासारखा केला. ते दाखवलं की माइक मिळायचा, आणि माइक मिळाला की ते कंबोडियाबद्दल बोलायचे. त्या काळात त्याची गरजही होती. राजवट उलथल्यावरही संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाची खुर्ची अनेक वर्षं ख्मेर रूजच्या प्रतिनिधीकडे, आणि नंतर ते सामील असलेल्या आघाडीकडे राहिली. (भारतानं मात्र १९८० मध्येच नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली होती, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.) न्गोर सीमेवरच्या छावण्यांत जात राहिले, गावाकडे शाळा उभी केली, दोषींवर खटला चालवा म्हणून दिथ प्रान यांच्या बरोबरीनं आवाज उठवला.

तो खटला बघायला ते राहिले नाहीत. २५ फेब्रुवारी १९९६ ला लॉस एंजेलिसच्या चायनाटाउनजवळ, राहत्या इमारतीपाशी गाडी लावताना त्यांना गोळ्या घातल्या. स्थानिक टोळीतल्या तीन तरुणांना १६ एप्रिल १९९८ ला दोषी ठरवलं. योगायोग असा, की ख्मेर रूजचा म्होरक्या पोल पॉट मेल्याच्या बातमीला दुजोरा मिळाला तो त्याच दिवशी. न्गोर यांचं घड्याळ गेलं होतं, हुओयचा फोटो असलेलं सोन्याचं लॉकेट गेलं होतं, पण सुमारे २,९०० डॉलर रोख तसेच राहिले होते. त्यामुळे शंका उठल्या. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की लॉकेट द्यायला त्यांनी नकार दिला म्हणून गोळी सुटली. पुढे २००९ मध्ये त्या राजवटीतल्या तुओल स्लेंग तुरुंगाचा प्रमुख डुच यानं कंबोडियातल्या विशेष न्यायालयासमोर म्हटलं, की हे ख्मेर रूजनंच घडवून आणलं. तपास करणाऱ्यांना त्यात तथ्य वाटलं नाही, मलाही वाटत नाही. डुचला त्या न्यायालयानं २०१० मध्ये दोषी ठरवलं, आणि २०१८ मध्ये नुऑन चिया आणि खिउ सांफान या वरच्या दोन नेत्यांना नरसंहारासाठी.

आता तुझी एकांकिका.

स्वतःचं दुःख रोज वर काढायचा सल्ला मी देणार नाही. एक तर ते झिजतं. पहिल्या आठवड्यात डोळ्यांत पाणी येतं, तिसऱ्यात येत नाही, मग नट पाण्याच्या मागे लागतो आणि समोरच्या पात्राकडे बघणं सोडून देतो. दुसरं, त्याचा शरीरावर आणि झोपेवर परिणाम होतो, आणि एकांकिकेच्या ग्रुपमध्ये ते सांभाळायला कोणी नसतं. 'इमोशनल मेमरी'चं, म्हणजे स्वतःची जुनी भावना आठवून भूमिकेत आणण्याचं, नाव ज्यांच्यामुळे झालं ते रशियन नाट्यशिक्षक स्टॅनिस्लाव्हस्की स्वतः पुढे शारीरिक कृतीकडे वळले, हे तुमच्या दिग्दर्शकाला सांग. तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: तुझं दुःख आणि दंगलीतून वाचलेल्याचं दुःख एकाच मापाचं नाही. ते आहे असं धरून चाललास तर तुझं पात्र तुझ्याच एवढं राहील.

त्याऐवजी तुझ्या पात्राला काय लपवायचंय ते शोध. नाव लपवायचंय? बोलीतला हेल? बाहेर जोरात दार वाजलं की होणारी दचक? एक गोष्ट ठरव आणि ती लपवायचं काम अंगाला दे. तालमीत हातात काहीतरी खरं काम घे, तांदूळ निवड, कपड्यांच्या घड्या घाल, आणि सहकलाकाराला सांग की मला आडवेतिडवे प्रश्न विचार. कुठे राहत होतास, घरी कोण होतं, दुकान कुणाचं होतं. हातातलं काम थांबता कामा नये. ते कुठल्या प्रश्नाला अडखळतं तेवढं दिग्दर्शकाला टिपून ठेवायला सांग. तुझे पॉज तिथेच आहेत, स्क्रिप्टमध्ये कंसात लिहिलेत तिथे नाहीत.

आणि जवळपास खरोखर दंगलीतून वाचलेलं कोणी असेल, तर भूमिकेसाठी म्हणून त्यांच्याकडून ती रात्र वदवून घेऊ नका. ते दुकानावर कसे बसतात, कोणी अचानक मागून हाक मारली की काय करतात, हे लांबून दिसतं तेवढं पुरतं. ते आपणहून बोलले तर ऐका, मोबाइल खिशात ठेवून.

सिनेमा पुन्हा बघशील तेव्हा छावणीचा भाग एकदा आवाज बंद करून बघ, ग्रुपला घेऊन. न्गोर कुठल्या क्षणी इकडेतिकडे बघून मगच हालचाल करतात ते प्रत्येकानं वेगवेगळं लिहून काढा आणि मग याद्या ताडून पाहा. पुढच्या तालमीला मला बोलवायचं असेल तर त्या याद्या घेऊन या, तिथून सुरुवात करू.